पार्किंगच्या यादीतला शून्य नंबर

आमच्या इमारतीमागची जनरेटरची जुनी खोली पाडली आणि चार मोटारी उभ्या राहतील एवढी जागा मोकळी झाली, तिथून ही भानगड सुरू झाली. जागा चार आणि वाट बघणारी कुटुंबं सतरा. त्या सतरांत आम्हीही होतो. आमची मोटार अकरा वर्षं रस्त्यावर मिळेल तिथे उभी राहते, आणि सकाळी ती काल कुठे लावली होती यावर माझं आणि बायकोचं रोज एक छोटंसं चर्चासत्र होतं.

वाट बघणाऱ्यांची यादी सेक्रेटरींच्या हिरव्या रजिस्टरात होती. कोणी घर विकलं, कोणी मोटार विकून स्कूटर घेतली, की सेक्रेटरी त्या नावावर रेघ मारत. तोच माणूस वर्षभराने पुन्हा मोटार घेऊन आला की रेघेवर आडवी रेघ मारून त्याला जिवंत करत. आपला नंबर कितवा, असं कोणी विचारलं तर ते रजिस्टर छातीशी धरून म्हणत, "असाल चौथे-पाचवे." मी अकरा वर्षं चौथा-पाचवा होतो. चौकशीअंती कळलं की आणखी सहा जण चौथे-पाचवेच होते.

तेव्हा सभेत कोणीतरी म्हणालं, की यादी सगळ्यांना दिसेल अशी वेबसाइटवर टाका. "कोण टाकणार?" असं सेक्रेटरींनी विचारलं आणि हॉलमध्ये शांतता पसरली. मला शांतता सहन होत नाही. "मी करून देतो," मी म्हणालो. बायकोने माझा गुडघा दाबला. लग्नाला तेवीस वर्षं झाली की गुडघा दाबण्याचे अर्थ ठरलेले असतात, पण तोवर टाळ्या पडून गेल्या होत्या.

माझी लायकी सांगतो. मी विमा कचेरीत दावे तपासतो, म्हणजे लोकांच्या नुकसानीवर विश्वास न ठेवण्याचा पगार घेतो. वेबसाइटशी माझा संबंध एवढाच, की 'आठ आठवड्यांत वेबसाइट' नावाचा एक ऑनलाइन वर्ग मी लावला होता. त्यातले पाच आठवडे पूर्ण केले. सहाव्या आठवड्यात माझी दाढ दुखायला लागली, आणि दाढ बरी झाल्यावर आपण मधेच काहीतरी सोडलंय हे लक्षात राहिलं नाही. तरीही सभेनंतर लोक जिन्यात थांबून माझ्याकडे आदराने बघत होते आणि ते मला आवडत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

काम तसं सोपं होतं. एकीकडे नावांची यादी ठेवायची आणि दुसरीकडे पानाचा साचा लिहायचा. साच्यात सतरा ओळी लिहायच्या नसतात. एकच ओळ लिहायची आणि यंत्राला सांगायचं, की यादीतल्या प्रत्येकासाठी ही ओळ पुन्हा काढ. यंत्र वरपासून खालपर्यंत चक्कर मारतं आणि सतरा नावं ओळीत उभी करतं. मी ती उभी केली, वर 'पार्किंग प्रतीक्षायादी' असा निळा पट्टा ठेवला आणि पान सगळ्यांना पाठवून दिलं.

अर्ध्या तासात सल्ले सुरू झाले. पट्टा हिरवा करा. अक्षर मोठं करा. अक्षर लहान करा म्हणजे बोटाने सरकवावं लागणार नाही. एका बाईंनी नवऱ्याच्या नावाशेजारी त्यांचं शिक्षण घालायला सांगितलं. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं, की नावापुढे नंबर पाहिजे. आता साच्यात ओळ एकच, म्हणून मी तिच्या सुरुवातीला १ लिहिला. यंत्राने तो इमानदारीने प्रत्येकाला दिला आणि सतराच्या सतरा कुटुंबं पहिल्या नंबरवर आली. त्या संध्याकाळी इमारतीत फार आनंदाचं वातावरण होतं. पहिल्या मजल्यावरचे दंतवैद्य, ज्यांनी माझी दाढ पाहिली होती, ते पेढ्यांची तयारी करून बसले होते असं नंतर कळलं.

मग मी पाचव्या आठवड्याच्या वह्या काढल्या. त्यात लिहिलं होतं, की यंत्र चक्कर मारताना आपण कितव्या फेरीत आहोत हे मनातल्या मनात मोजत असतं. आपण फक्त ते मागून घ्यायचं. साच्यात त्या मोजणीला एक नाव द्यायचं. वर्गातल्या शिक्षकाने 'आय' दिलं होतं, मीही तेच दिलं. ओळीच्या सुरुवातीला 'आय' लिहिलं आणि खरोखर प्रत्येकापुढे वेगळा नंबर आला. मी आधी स्वतःचा बघितला. चार. अकरा वर्षांनी मी चौथा-पाचवा न राहता निव्वळ चौथा झालो होतो. जागा चार होत्या. मी बायकोला हाक मारली.

"अगं, चौथा!"

"पहिला कोण आहे?" तिने विचारलं.

मी बघितलं. निळ्या पट्ट्याखाली पहिलं नाव दंतवैद्यांचं होतं आणि पुढे १ होता. सगळं यथासांग होतं. रविवारी सकाळी कमिटीने पान उघडून ठराव केला, की 'वेबसाइटवरील क्रमांक १ ते ४ यांना जागा देण्यात याव्यात'. सोमवारी पेंटर आला. त्याने चार चौकोन आखले आणि चौथ्यात आमचा फ्लॅट नंबर पिवळ्या रंगात काढला. रंग वाळेपर्यंत मी बाजूला उभा होतो. त्याने दोनदा सांगितलं, "साहेब, तुम्ही बघितल्यामुळे लवकर वाळत नाही."

त्यानंतरचे तीन दिवस माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस होते. कचेरीतून घरी यायचं, चाक वळवायचं, मोटार आपल्या चौकोनात घालायची आणि उतरायचं. मी जरा वेळ आतच बसून राहायचो. बुधवारी तर कुठेही जायचं नसताना मोटार बाहेर काढून एक चक्कर मारली आणि परत आणून लावली.

गुरुवारी संध्याकाळी पाचव्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिका बाई आल्या. त्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्या दारात उभ्या राहिल्या की मी अजून शर्टाचं वरचं बटण लावतो. त्यांचे यजमान, ज्यांना सगळे 'सर' म्हणतात, वॉकर घेऊन चालतात. आठवड्यातून तीनदा त्यांना दवाखान्यात न्यावं लागतं, आणि बाईंची मोटार दोन गल्ल्या पलीकडे बेकरीमागे उभी असते. रविवारच्या कमिटीच्या वेळीही त्या दवाखान्यातच होत्या.

"तुमच्या यादीत आमचं नाव नाही," बाई म्हणाल्या. "मी बारा वर्षांपूर्वी अर्ज दिला होता. पोच आहे माझ्याकडे."

मी त्यांना बसवलं आणि आत्मविश्वासाने पान उघडलं. खरंच नाव नव्हतं. मग मी बोटाने पान खाली ओढलं तेव्हा ज्याचा मला अभिमान होता तो निळा पट्टा जरासा हलला, आणि त्याच्या पोटाखालून एक अख्खी ओळ डोकावली. बाईंचं नाव तिथे होतं. सगळ्यांच्या वर होतं. आणि पुढे नंबर होता शून्य.

"शून्य," बाईंनी वाचलं.

"यंत्र तिथून मोजायला सुरुवात करतं असं दिसतंय," मी म्हणालो.

"म्हणजे मी पहिली आहे."

"हो."

"आणि तुम्ही?"

मी मनात मोजलं. मग बोटांवर मोजलं. बाई थांबल्या होत्या. "पाचवा," मी म्हणालो. स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं बंद झालं होतं.

बाई उठल्या. त्यांनी चहाही घेतला नाही. पुढच्या सकाळी मी गॅलरीत दात घासत होतो तेव्हा त्या सरांना घेऊन बाहेर पडल्या. सर हळूहळू चालत माझ्या मोटारीपाशी आले, तिच्या बॉनेटवर हात टेकून थोडा वेळ उभे राहिले आणि मग बेकरीच्या दिशेने निघाले. मला लाज वाटली. तोंडात पेस्ट असताना लाज वाटली की ती थुंकताही येत नाही.

आधी यादी दुरुस्त करू असं ठरवून मी कामाला लागलो. पट्टा सरकवणं सोपं होतं. नंबरात एक मिळवायचा होता, म्हणून मी साच्यात 'आय'च्या पुढे १ लिहिला. मला वाटलं बेरीज होईल. यंत्राने तो एक नुसता शेजारी बसवला. त्यामुळे बाई ०१ झाल्या ते ठीक, पण दंतवैद्य ११ झाले, त्यांच्या नंतरचे २१, आणि मी स्वतः ४१. सतराव्या कुटुंबाला १६१ नंबर मिळाला. त्यांची सासू रडत खाली आली, की आता काही ती तोपर्यंत राहत नाही. दंतवैद्यांनी जिन्यात मला गाठलं.

"सोमवारी मी पहिला होतो. आज अकरावा. शनिवारी कितवा आहे?"

"तुम्ही दुसरे आहात, डॉक्टर."

"दुसरा? म्हणजे तुम्ही रोज मनाला येईल तो नंबर देता?" ते म्हणाले, आणि माझ्या दाढेकडे बघत वर निघून गेले.

मी भाच्याला फोन लावला. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. समोरचे वकील तेव्हा पेपर मागायला आले होते आणि मी फोन स्पीकरवर ठेवला होता. या दोन गोष्टी एकाच वेळी करायला नको होत्या.

"मामा, एक शेजारी लिहायचा नाही. दोघांना एकाच कंसात घालून मधे अधिकचं चिन्ह द्यायचं," भाचा म्हणाला. मी दिलं. यादी एक ते सतरा अशी शहाण्यासारखी उभी राहिली. एवढ्यावर त्याने फोन ठेवायला हवा होता. "पण मामा, मोजणी शून्यापासून होते हे तुला माहीत नव्हतं? अरे, हे पहिल्या दिवशी शिकवतात. हे माहीत नसलेला माणूस साचा लिहायलाच बसत नाही."

वकिलांनी पेपरची घडी केली आणि माझ्याकडे नव्या नजरेने बघितलं. "काय डोकं लावलंत!" ते हळूच म्हणाले. "म्हातारीला शून्य दिला आणि सगळी रांग एक घर वर सरकवली. वर पट्ट्याने तिला झाकलंही. मी तीस वर्षं वकिली केली, पण इतकं स्वच्छ काम पाहिलं नाही."

"अहो, मला खरंच माहीत नव्हतं!"

"कोर्टात असंच म्हणायचं," वकील म्हणाले.

दोन दिवसांत ही गोष्ट इमारतभर झाली. वाईट याचं वाटलं, की लोक चिडले नाहीत. मला ते मानू लागले. आजवर माझ्याशी हवापाण्यापलीकडे न बोललेला एक गृहस्थ मला बाजूला घेऊन, पाण्याच्या मीटरचं काही करता येईल का, असं विचारून गेला. मी विम्याच्या कचेरीत आयुष्यभर लबाड माणसं पकडली, आणि आता मी लबाड ठरलो तर माझा भाव वधारला होता. उलट खरं सांगावं तर ज्या कामासाठी टाळ्या घेतल्या त्यातलं पहिल्या दिवसाचंही मला येत नाही, हे कबूल करावं लागणार होतं. बदमाश की बावळट, एवढाच प्रश्न उरला होता.

मी सोपा मार्ग काढला. सेक्रेटरींकडे गेलो आणि म्हणालो, "मी माझी जागा सोडतो. बाईंना द्या."

सेक्रेटरींनी नियमावली काढली. त्यांनी ती काढली की समोरच्याने बसून घ्यावं. "सोडलेली जागा यादीतल्या पुढच्या क्रमांकाला जाते," ते म्हणाले. "ठराव झाला तेव्हा चारच्या पुढे पाच. पाच नंबरवर तिसऱ्या मजल्यावरचे ट्रॅव्हल एजंट आहेत. त्यांना जाईल."

"पण बाई सगळ्यांच्या आधी आहेत!"

"त्या शून्यावर आहेत. नियमात 'क्रमांक एकपासून पुढे' असं आहे. शून्याची तरतूद नाही."

"मग ठराव बदला."

"ठराव बदलत नाही. ठराव रद्द होतो. त्याला सर्वसाधारण सभा लागते, आणि हजर असलेल्या सगळ्यांची संमती लागते. आणि कारण लागतं." त्यांनी पान उलटलं. "कारणं दोनच आहेत. सभासदाची लबाडी, किंवा सभासदाचं अज्ञान. लबाडी असेल तर यादीतून नाव कायमचं जातं."

"अज्ञान असेल तर?"

"तर राहतं. पण अज्ञान सिद्ध व्हावं लागतं."

मी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "अहो, खरंखरं सांगा. तुम्हाला माहीत होतं का?" तेवीस वर्षांत तिने मला बरंच काही विचारलं आहे, पण हा प्रश्न मला फार लागला. मी नाही म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग मी बघते."

सभा भरली. एकतीस जण आले होते. सर पहिल्या रांगेत खुर्चीवर होते, पुढे वॉकर. मी उभा राहून सांगितलं, की मला यातलं काही कळत नव्हतं. मागून कोणीतरी "वा!" म्हणालं. मी पाच आठवड्यांच्या वर्गाची कहाणी सांगितली, दाढेचं सांगितलं. वकील मान हलवत होते, चांगल्या गाण्याला हलवतात तशी. "अज्ञानाचं नाटक करण्याइतका हुशार माणूस अज्ञानी कसा?" असं त्यांनी विचारलं, आणि सभेला ते पटलं.

तेव्हा बायको उठली.

"मी सांगते," ती म्हणाली. "तेवीस वर्षं मी यांच्याबरोबर राहते. मायक्रोवेव्हचं घड्याळ लावायला यांनी घेतलं, तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात बारा वाजलेले असतात. यांनी कपाट जोडलं तर दार आतल्या बाजूला उघडतं. आम्ही त्यात कपडे ठेवत नाही, छत्र्या ठेवतो, त्याही एकदा आत राहिल्या. माझ्या वाढदिवसाला यांनी फोनवर आठवण लावली होती, ती दरवर्षी माझ्या नणंदेच्या वाढदिवसाला वाजते. लबाडी करायला डोकं लागतं हो. हा माणूस पत्त्यात हरला तर चेहऱ्यावर कळतं, आणि जिंकणार असला तर आधी कळतं. यांना काही येत नाही. मी शपथेवर सांगते, यांना काहीही येत नाही." माझ्या बाजूने इतक्या तळमळीने आजवर कोणी बोललं नव्हतं आणि मला मान वर करता येत नव्हती.

मग बाई उठल्या. "मी चाळीस वर्षं पेपर तपासले," त्या म्हणाल्या. "कॉपी करणाऱ्या मुलाचं उत्तर बरोबर असतं. यांनी तीन वेळा यादी केली आणि तिन्ही वेळा चुकीची केली. आधी सगळे पहिले, मग मी शून्य, मग शेवटच्यांना एकशे एकसष्ट. लबाड माणूस एकदाच चुकतो, तेही सोयीने. या गृहस्थांचा अभ्यासच झालेला नाही."

यावर मात्र वकिलांनीही मान हलवणं थांबवलं. दंतवैद्य म्हणाले, की दाढेच्या वेळीही मी चुकीच्या दाढेकडे बोट दाखवलं होतं, ते आता त्यांना आठवतंय. लोकांचे चेहरे हळूहळू बदलले. मीटरवाल्या गृहस्थाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला फसवलं.

सेक्रेटरींनी रजिस्टर उघडून ठराव मोठ्याने वाचत लिहिला: "असे ठरले की, सदर सभासदास प्रस्तुत कामातील काहीही कळत नाही, ही बाब सभेस पूर्णपणे पटलेली असून, सबब मागील ठराव रद्द करून जागा अर्जांच्या तारखेप्रमाणे देण्यात याव्यात. सूचक, सभासदाची पत्नी. अनुमोदक, मुख्याध्यापिका बाई. संमती असलेल्यांनी हात वर करा."

हात वर झाले. सेक्रेटरींनी पेनाने हवेत मोजलं, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून. "तीस," ते म्हणाले. "एक कमी आहे. सर्वांची संमती असल्याशिवाय ठराव होत नाही."

सगळे एकमेकांकडे बघू लागले, आणि मग सगळे माझ्याकडे बघू लागले. पहिल्या रांगेत सरांनी वॉकरवरचा उजवा हात सोडून वर धरला होता. तो थरथरत होता. बाई त्याला आधार द्यायला गेल्या तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. मोजणी पुरी होईपर्यंत ते हात खाली घेणार नव्हते.

मी घाईघाईने हात वर केला.

"उभे राहून करा," सेक्रेटरी म्हणाले, "मागच्यांना दिसत नाही."

मी उभा राहिलो.